जावेच्या वांग्यांची मुळं

बदलापूरला नदीकाठी माझा आणि धाकट्या जावेचा भाजीचा तुकडा शेजारी शेजारी होता. माती एक, पाणी एक, तरी त्या हिवाळ्यात तिची वांगी तरारली आणि माझी पिवळी पडून खुजी राहिली. उल्हासनगरच्या कॅम्पात आम्ही पाट्या घेऊन बसायचो, तेव्हा सिंधी बायका माझ्या पाटीवरून नजर फिरवून तिच्याकडे वळत. माझा जळफळाट व्हायचा.

माझं झाड उपटलं की मुळांवर गाठीच गाठी दिसत. एका दुपारी ती घरी जेवायला गेल्यावर मी तिच्या वाफ्यात शिरले आणि फळांनी लगडलेलं एक झाड उपटलं. मुळं पांढरी, स्वच्छ होती. मला इतका राग आला की मी दुसरंही उपटलं.

"ताई, मुळं बघायची होती तर मला सांगायचं," मागून तिचा आवाज आला.

हातातलं झाड मी खाली टाकलं. तिनेच सांगितलं, "पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर येताच मातीत गाडला. त्याने गाठी कमी होतात. आमच्या माहेरी असंच करतात."

त्याच पावसाळ्यात मी भेंडी लावली होती आणि "गवत पिकवतेस का गं?" म्हणून तिला हसले होते. मुळांत बारीक किडे शिरून गाठी होतात आणि भेंडीवर ते पोसले जातात, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी मीही ताग पेरला. बी तिनेच दिलं. माझी वांगी सुधारली. कुणी विचारलं तर "ताग पेरा" एवढंच सांगायचे. तिचं नाव मात्र कधी घेतलं नाही.