साहेबांचं पोर्ट

खांडबाऱ्याच्या आमच्या छोट्या आरोग्यकेंद्रात त्या दुपारी एक बाई बाळंत होत होती. नंदुरबारच्या दवाखान्यातून मोठे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर तिथल्या नर्सबाईंना सूचना देत होते. ऐन वेळी चित्र गोठलं, आवाजही गेला. नर्सबाईंनी एकटीनं निभावलं. बाळ-बाळंतीण सुखरूप.

संध्याकाळी आमच्या प्रशासकांनी नर्सबाईंना स्पीकरवर घेऊन सगळ्या स्टाफसमोर झापलं. "साधा कॉल धरता येत नाही? डोंगरातून उठून येता आणि यंत्रांना हात लावता!"

पलीकडून बारीक आवाज आला, "चुकलं, सर."

काही चुकलं नव्हतं त्यांचं. नंदुरबारच्या दवाखान्याचं नेटवर्क मी सांभाळते. मी तपासलं, तर त्या वेळी सगळी लाइन प्रशासक साहेबांच्या केबिनने खाल्ली होती. क्रिकेट चालू होतं. माझी कानशिलं तापली.

स्विचच्या सेटिंगमध्ये शिरले. सगळ्या केबली जिथे जमतात त्या या पेटीत कुणाचा डेटा आधी सोडायचा, कुणाचा अडवायचा, हे ठरवता येतं. डॉक्टरांचे व्हिडिओ कॉल सर्वांत वर ठेवले. मग तपासण्यांचे रिपोर्ट, मग बिलिंग. साहेबांच्या केबिनची केबल जिथे खोचली होती, ते पोर्ट सगळ्यांच्या खाली टाकलं आणि वर वेगाची मर्यादाही घातली. एवढ्या चवीनं मी कधी सेटिंग केली नव्हती.

पुढच्या मॅचला साहेब तणतणत आले. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणारे, पण नेट का अडकतंय हे विचारताना रागात थेट अहिराणीवर उतरले. "मन्हं नेट काबर अटकी ऱ्हायनं?"

"नेट चालू शे, सर. पेशंटनं पयले जास, तुमनं मांगे."

ते मला ओढतच मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांची माझ्याविरुद्धची तक्रार सांगून झाली, तेव्हा मी त्या दुपारी कुणी किती लाइन खाल्ली याचा आलेख डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी तो पाहिला, मग साहेबांकडे पाहिलं. "म्हणजे माझा कॉल तुम्ही तोडलात? आत्ता नर्सबाईंची माफी मागा. सगळ्यांसमोर."

माफीचा कॉल मीच जोडला. चित्र इतकं स्वच्छ होतं की साहेबांच्या कपाळावरचा घामसुद्धा खांडबाऱ्यात दिसला असेल. साहेबांनी माफी मागितली. नर्सबाई नुसत्या बघत राहिल्या, आणि साहेबांना नजर खाली घालावी लागली.

बाहेर आल्यावर साहेब हळूच म्हणाले, "आता तरी माझं नेट तेवढं मोकळं करा."

"बघते, सर," मी म्हणाले.

अजून बघितलेलं नाही.