भिकुबाईची धुरी

दोंडाईच्यात कुणाची दाढ ठणकायला लागली की तो माणूस आधी लवंग चावायचा, मग देवाला नवस बोलायचा, आणि दोन्हींनी भागलं नाही की गाल धरून भिकुबाईच्या ओट्यावर येऊन बसायचा. भिकुबाई धुरी द्यायची. ही विद्या तिला सासूकडून मिळालेली. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर हातचा गुण जातो, अशी सासूची ताकीद. कुणी नारळ ठेवला तर ठेवला, नाहीतर रामराम. बाई मात्र फटकळ. कण्हणाऱ्या बाप्यांना म्हणायची, बायको बाळंत झाली तेव्हा तीसुद्धा एवढी ओरडली नव्हती, गप बस.

धुरीची रीत अशी. परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर तापून लाल झालेलं खापर. खापरावर तेलात घोळलेलं काटेरी रिंगणीचं बी टाकायचं, वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायचं आणि भोकात नळी बसवून तिचं टोक दुखऱ्या दाढेशी धरायचं. धूर तोंडात भरला की डोळ्यांतून, नाकातून धारा लागायच्या आणि दाढ बधिर व्हायची. मग भिकुबाई मडकं उचलायची. पाण्यावर पांढरे, वाकडे, बारीक किडे तरंगत असायचे. दाढेतून निघून नळीवाटे खाली पडलेले! आता स्वतःच्या दाढेतले किडे डोळ्यांनी पाहिल्यावर शंका कोण कशाला घेईल?

चंदनबाईनं तर मुळीच घेतली नाही. चंदनबाई म्हणजे कापडवाल्या शांतीलाल शेठची बायको. पक्की जैन. पाणी गाळल्याशिवाय प्यायची नाही, आणि गाळलेल्या फडक्यात अडकलेले न दिसणारे जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायची. दिवस मावळला की तोंडात घास नाही. अशी बाई पहिल्यांदा धुरीला आली आणि परातीतले किडे बघून स्वतःचं दुखणंच विसरली. भिकुबाई पाणी मोरीत ओतायला निघाली, तर हिनं परात धरली. दोन्ही हातांनी ती ओट्यापुढच्या निंबाखाली नेली, पाणी अलगद सावलीत सोडलं आणि वर कमरेच्या कनवटीची चिमूटभर साखर टाकली. बिचारे बेघर झाले, निदान उपाशी तरी राहू नयेत!

भिकुबाईनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. पण त्या दिवसापासून ही बाई तिला फार आवडायला लागली. वर्षातून चार-पाच वेळा तरी चंदनबाई यायची, धुरी घ्यायची, किडे निंबाखाली पोचवायची, साखर घालायची आणि मग दोघी तास तास बोलत बसायच्या. भिकुबाईला ताप भरला तेव्हा शेठाणी स्वतः मुगाचं पाणी घेऊन आली होती. सख्खी बहीण असती तर याहून जास्त काय केलं असतं?

आणि इथंच तर सगळी पंचाईत होती. कारण भिकुबाईला खरं काय ते ठाऊक होतं.

सासू वारल्यानंतर एकदा खापर नीट तापलंय का बघायला तिनं उगाच थोडं बी टाकलं, मडकं झाकलं आणि उचललं. समोर कुणी रोगी नाही, नळी कुणाच्या तोंडात नाही, आणि परातीत मात्र किडे. तिनं एक चिमटीत धरून निरखला. बी तडकतं, त्यातला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो, एवढीच सगळी करणी. सासूला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. दुखणं तर थांबतं ना, मग झालं, अशी मनाची समजूत घालून भिकुबाई गप्प राहिली. गप्प न राहून सांगते कुणाला? नवरा मागेच वारलेला. तशा बाईला गावात कोण विचारतो? पण हिला लग्नात मानानं बोलावणं यायचं, वाटेत गावचे म्हातारेसुद्धा थांबून खुशाली विचारायचे. ते सगळं त्या परातीपायी.

मग अडुसष्ट साली, आखाड सरता सरता, चंदनबाईचा गाल सुजला. शांतीलाल शेठनं तिला एसटीत बसवून धुळ्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं पायानं चालवायचं यंत्र होतं, शिवणयंत्रासारखं, आणि त्याच्या टोकाला गरगर फिरणारी सुई. चंदनबाईनं खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, या यंत्रानं दाढेतल्या किड्यांचं काय होतं? डॉक्टरला वाटलं, बाई घाबरलीय, हिला धीर द्यावा. तो हसून म्हणाला,

"अगदी निर्धास्त राहा. एकही जिवंत सुटणार नाही."

झालं! बाई खुर्चीतून उठली ती थेट एसटी स्टँडवर. चातुर्मासात, पर्युषण महिन्यावर आलेलं, आणि स्वतःच्या दाढेसाठी एवढ्या जिवांची हत्या? शेठनं हात जोडले, सासरे भिकमचंद रागावले, पण ती बधेना. तिचं एकच म्हणणं, भिकुबाई त्यांना जिवंत काढते, तिच्याकडेच जाईन.

आली. भिकुबाईनं धुरी दिली. दुपारपुरतं थांबलं, संध्याकाळी पुन्हा ठणका. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरी, पुन्हा साखर. तिसऱ्या दिवशी चंदनबाई आली तेव्हा अंगात ताप होता आणि सूज जबड्याखाली मानेकडे उतरली होती. भिकुबाईनं ती मान बोटांनी चाचपली. अशीच मान तिनं एकदा पाहिली होती, धाकट्या दिराची, सुकदेवची. सासूनं त्यालाही धुऱ्याच दिल्या होत्या. चार दिवसांत त्याला उचलावं लागलं.

चंदनबाई सवयीनं परातीपुढे बसली, तोंड उघडलं. भिकुबाईनं नळी उचलली आणि बाजूला ठेवली. तोंड मिटायला सांगितलं. मग तिच्यादेखत खापरावर बी टाकलं, मडकं झाकलं, भोकावर तळहात धरला. चटका बसला तरी धरून ठेवला. मडकं उचललं. पाण्यावर किडे तरंगत होते.

"शेठानी, दाढमा किडा नही शे," ती म्हणाली. "हाई बठ्ठं बीमाईन निंघस."

सगळं बियातूनच निघतं, हे ऐकून चंदनबाईनं परातीत बोट घालून एक उचलला, नखावर घेऊन उन्हात धरला. किती तरी वेळ बघत राहिली. मग उठली. "इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत," एवढंच बोलली आणि मागे वळून न बघता गेली. भिकुबाई परातीशी बसून ओक्साबोक्शी रडली. खोटं उघडं पडलं म्हणून नव्हे, मैत्रीण गेली म्हणून.

पण त्याच दिवशी शेठाणी धुळ्याला गेली, ही बातमी तिला शेठच्या दुकानातून कळली. आधी इंजेक्शनं देऊन सूज उतरवली, मग ती दाढ काढली. शेजारच्या दोन दाढा नुकत्या खराब व्हायला लागल्या होत्या. चंदनबाईला फिरत्या सुईची भीती वाटत होती, तेव्हा डॉक्टरनं यंत्र बाजूला ठेवलं आणि बारीक चमच्यासारख्या हत्यारानं हातानंच मऊ झालेला भाग खरवडून काढला, वर लवंगेच्या तेलात कालवलेलं औषध भरलं. दोन्ही वाचल्या.

भिकुबाईनं मडकं फोडून टाकलं. कुणी गाल धरून आलं की सांगायची, माझ्या हातचा गुण गेला, धुळ्याला जा. मग गाव काय, बोलायला मोकळंच. भिकुबाईनं पैसा घेतला असणार, त्याशिवाय गुण जातो का? जी गोष्ट तिनं जन्मात केली नाही, नेमकी तीच तिच्या माथी आली. श्रावणातल्या एका साखरपुड्याचं बोलावणंही आलं नाही.

भादव्यात संवत्सरी झाली. त्यानंतर जैन माणसं घरोघर जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात, पण ती आपल्या नात्यागोत्यात. चंदनबाई त्या दिवशी भर दुपारी, गल्लीच्या देखत, भिकुबाईच्या ओट्यावर आली. शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, की या बाईनं कधी कुणाचा पैसा घेतला नाही, आणि मी आज जिवंत आहे ती हिच्यामुळे. मग तिनं हात जोडले.

भिकुबाईनं ते हात धरले. माफी तर मी मागायची, म्हणाली.

"तुमचं तुम्ही बघा, अक्का," चंदनबाई म्हणाली. "माझं मला मागू द्या. ते किडे हलतात का, हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही. मला पुण्य हवं होतं ना."

दोघी रडल्या, आणि रडता रडता हसायलाही लागल्या. एवढी साखर, म्हणे, कोंबांना घातली! भिकुबाईनं डोळे पुसले आणि तिला हाताला धरून निंबाखाली नेलं. बुंध्याशी मुंग्यांचं भलं मोठं वारूळ झालं होतं, आत-बाहेर रांगा चाललेल्या.

"साखर वाया नही गयी, शेठानी," ती म्हणाली. "ह्या मुंग्या त खऱ्या शेतस."

चंदनबाईनं कनवटीला हात घातला.