विमान लोहगावला उतरतं
नोकरीतलं बरंच काही विसरलो. ती घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं.

मी तेव्हा निरीक्षक होतो. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी नियंत्रण कक्षाला फोन आला. हिंजवडीच्या जुन्या गावठाणात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यात कुणीतरी दांडकं घातलं होतं. फोन करणारा त्याचा धाकटा भाऊ. खबरही त्यानेच दिली, "पोरानंच बापाला मारलं. दिल्लीला नोकरीला हाय. आज आला, मारलं न् पळाला. बाराला म्या डोळ्यानं बघितला." जखमी बेशुद्ध होता. जमीन बिल्डरला द्यायला तो तयार नव्हता आणि भाऊ उतावीळ होता, हे गावाला ठाऊक होतं.

आम्ही घरी पंचनामा करत होतो, तेवढ्यात सव्वा वाजता मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहिला. आम्ही त्याला थेट ठाण्यात आणलं. त्याचं एकच चाललं होतं, "साहेब, काय विचारायचं ते विचारा, पण आधी आप्पांना बघू द्या." मोबाइल बंद पडला म्हणून त्याने मिळेल ती टॅक्सी केली होती, तिचा नंबर त्याला आठवेना.

वरिष्ठ पुण्यात नवे होते. त्यांनी संगणकावर पाहिलं. "दिल्ली ते पुणे बाराशे किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं. नऊला निघाला, अकरा दहाला उतरला. पन्नास मिनिटं पुष्कळ झाली. मारून पळाला आणि नाटक करायला परत आला. अटक दाखवा."

"साहेब, विमान लोहगावला उतरतं, हिंजवडीत नाही. मधे अख्खं शहर आहे."

"मला शिकवू नका."

"मग आदेश लेखी द्या."

लेखी कोण देतो! मी ठाणे डायरीत सगळं नोंदवलं आणि चार वाजता मुलाला माझ्याच जीपमधून रुग्णालयात नेलं. बापाने डोळे उघडले नाहीत. पण मुलाने हाक मारताच त्याचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी त्याच विमानाच्या वेळेला दोन पंच घेऊन विमानतळाच्या दाराशी उभा राहिलो. प्रवासी बाहेर येईपर्यंत साडेअकरा झाले. तिथून टॅक्सीने त्या घरी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुणेकराला याचा पंचनामा लागत नाही, कोर्टाला लागतो.

मग भावाला बोलावून चहा पाजला. दरडावलं की माणूस गप्प होतो, चहा दिला की बोलतो.

"विमानात कधी बसलात?"

"न्हाई बा. डोक्यावरनं जात्यात ती बघतो."

"मग पुतण्या बारापर्यंत पोचतो, हे कसं कळलं?"

"दोन तास धा मिन्टं लागत्यात की. आदल्या दिशीच मोबाइलवर बघून ठिवलं हुतं."

"का हो? आणायला जाणार होतात?"

त्याने कप खाली ठेवला. तासाभरात गोठ्यातल्या कडब्याखालून रक्ताने माखलेलं दांडकं पंचांसमक्ष काढून दिलं. त्याने फक्त विमानाचा वेळ धरला होता, रस्त्याचा नाही. आमच्या साहेबांचीही चूक तीच.

त्याच संध्याकाळी म्हातारा गेला. महिन्याभरात माझी बदली झाली. आदेश पाळत नाही, असा शेरा आला. येऊ दे. आजही मी तेच करीन.

कागदावरचं अंतर स्वतः तुडवल्याशिवाय कुणाला बेड्या घालू नयेत, एवढं या प्रकरणाने शिकवलं. एक मात्र सलतं. दिल्लीहून पुण्याला यायला त्या मुलाला दोन तास दहा मिनिटं लागली. आमच्या ठाण्यातून बापाच्या खाटेपर्यंत पोचायला मात्र जवळजवळ तीन तास. ते तीन तास माझ्या माथी आहेत. पण आदेश मानला असता, तर त्या बापाने शेवटी हात कुणाचा धरला असता?