बोलका कोट

कोटाची बाही मुठीत धरायची, चुरगळायची, उजव्या कानाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल दोनच असत. "गप्प आहे," किंवा "बोलका आहे." बोलक्या कोटाला अपील नव्हतं. तो हँगरसकट माझ्या अंगावर यायचा आणि मागून एक वाक्य यायचं, "मालकाला म्हणावं, हा लग्नात घालायला ठेव."

आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावाच्या बाहेर पडताना एक दुकान लागतं. दोर, वासरांचं खाद्य, गमबूट, मासे धरायचे गळ आणि शिकारीचे कपडे असं सगळं तिथे एका छपराखाली मिळतं. मी तिथे काम करते. माझा नवरा समीर डॉक्टर, म्हणून आम्ही या टोकाला आलो. माझ्या मराठीच्या एम. ए.चा इथे एकाच गिऱ्हाइकाला उपयोग होता, ते म्हणजे हे कोट ऐकणारे काका. नागपूरचे, निवृत्त सर्जन, आमच्या कितीतरी आधी इथे येऊन मुरलेले. आसपासच्या चार-पाच मराठी घरांत त्यांना नुसतं काका म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठली तू?"

"सांगलीची."

"म्हणजे पाऊस पेपरात वाचलेला."

"काका, आमच्याकडे पूर येतो."

"पूर येतो. पाऊस तिकडे कोयनेला पडतो. तुम्ही नुसते बुडता."

टोमणा चांगला होता, मी हसले. काकांचे टोमणे चांगलेच असायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यावर रागवायला जावं तर आधी हसू फुटतं, आणि मग रागवायचा हक्क राहत नाही.

आता या कोटांचं जरा सांगते. इथे हरणाच्या शिकारीला रीतसर परवाना काढून जातात, आणि जायचं ते पावसातच, कारण पाऊस थांबायची वाट बघणारा माणूस आमच्या या डोनेगल जिल्ह्यात वाट बघतच म्हातारा होतो. जो कोट पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही तो बहुतेक वेळा कडक असतो आणि चालताना करकरतो. ती करकर हरणाला पलीकडच्या उतारावर ऐकू जाते. जो कोट मऊ लोकरीसारखा, तो गप्प राहतो, पण दुपारपर्यंत पाणी पिऊन ओल्या गोधडीएवढा जड होतो. कोरडा ठेवणारा आणि गप्प बसणारा असा एकच कोट शोधणं म्हणजे स्थळ शोधण्यासारखं आहे. काकांचा कान ते नेमकं शोधायचा. मोठे मोठे आयरिश शिकारी कोट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे, "काय म्हणता, डॉक?"

दुकानाचा मालक डर्मट. रविवारची शिकारीची टोळी तोच न्यायचा. डोंगरावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, सगळा कारभार हाकेवर चालतो. म्हणून डर्मटचा एकच नियम होता, ज्याला हाक ऐकू येत नाही त्याच्या हातात बंदूक द्यायची नाही. याच नियमाखाली त्याने सख्ख्या भावाला घरी बसवलं होतं. बंदुकीच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून तो सगळ्यांना कानांवर घालायची झाकणं द्यायचा. काकांनी ती कधी घातली नाहीत. "कान झाकून शिकार करायची तर घरी टीव्ही बघा," म्हणायचे.

काकांना रविवारशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. हॉस्पिटल सुटलेलं, लेक डब्लिनला, पुस्तकांचा कंटाळा, देवाचा त्याहून जास्त. सोमवार ते शनिवार ते रविवारची तयारी करत आणि काकूंचं डोकं खात.

काकूंना रेशमी साड्यांची हौस. माहेरून आलेल्या, लग्नकार्यात मिळालेल्या, कपाट भरून होत्या. आम्ही इथे आलो त्या पहिल्या दिवाळीला त्या हिरवी साडी नेसून दिव्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. साडी छान सळसळत होती. काकांनी सगळ्यांदेखत कानाला हात लावला आणि म्हणाले, "हिला डोंगरावर नेली तर जिल्ह्यात हरीण शिल्लक राहणार नाही." सगळे हसले. काकूही हसल्या. त्यानंतर मी त्यांना कधी रेशमी साडीत पाहिलं नाही.

समीरला काकांबरोबर एकदा तरी शिकारीला जायचं होतं. त्याला हरीण मारायचं नव्हतं, त्याच्याच्याने घरातला कोळीही मारवत नाही. पण काकांनी ज्याला डोंगरावर नेलं तो इथला झाला, असं आमच्या चार घरांत मानलं जायचं. काकांनी अट घातली की कोट ज्याचा त्याने निवडायचा, बायकोने मदत करायची नाही. समीरने शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडला. बादलीत बुडवून पाहिला, शिवणी उलट्या करून तपासल्या, आणि दुकानातला सगळ्यात जलरोधक आणि सगळ्यात बोलका कोट घेतला. मी तोंड दाबून गप्प बसले.

डोंगरावर पोचेपर्यंत काका काही बोलले नाहीत. मग भर पावसात त्याला थांबवून म्हणाले, "काढ तो. अंगावर ठेवायचा असेल तर गाडीत जाऊन बस."

समीरने कोट काढला. नुसत्या स्वेटरवर तो संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागून चालत राहिला आणि आठवडाभर तापाने पडला. हे काकांना पुरलं नाही. पुढच्या गणपतीत आरती झाल्यावर त्यांनी वेफर्सचं रिकामं पाकीट कानाशी धरून चुरगळलं आणि म्हणाले, "समीर आला." लोक हसून लोळले. मग दर गणपतीत, दर संक्रांतीत, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसातही पाकीट चुरगळायचं आणि समीर यायचा. आमच्या मुलीलासुद्धा तो विनोद पाठ झाला. "डॅड्स हिअर!" म्हणायची.

गेल्या वर्षीच्या गणपतीत काकांनी पाकीट चुरगळलं नाही. आम्हाला वाटलं, विसरले. जेवणं झाल्यावर समीरनेच एक पाकीट उचललं, काकांच्या पाठीमागे गेला आणि त्यांच्या कानाजवळ, वीतभर अंतरावर, चुरगळलं. काका समोरच्या भिंतीकडे बघत पान चघळत राहिले. समीरने पुन्हा चुरगळलं. काकांची मान हलली नाही.

घरी येताना समीर म्हणाला, "समोरून बोललं तर कळतंय त्यांना. बारीक, चिरके आवाज गेलेत. बंदुकीने हेच होतं." तो हे डॉक्टरच्या आवाजात म्हणाला. मग गाडी चालवता चालवता एकटाच हसला. ते हसू मला आवडलं नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी काका नवा कोट घ्यायला आले. जुना खांद्यावर गळायला लागला होता. समीर मला न्यायला आलेला, डर्मट गल्ल्यावर. काकांनी पहिल्या कोटाची बाही चुरगळून कानाशी नेली. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते, आणि माझ्याकडे होते.

कोट करकरला तसं सवयीने माझं तोंड वाकडं झालं.

"बोलका आहे," काका म्हणाले.

दुसरा कोट बरा होता. "गप्प आहे. पण आखूड आहे." तिसरा अगदी मऊ, मांजरासारखा. नेमकी तेव्हाच वासरांच्या खाद्याची एक गोणी फुटली आणि त्या वासाने मी नाक मुरडलं. काकांनी तो कोट माझ्या अंगावर फेकला. "बोलका आहे."

तेव्हा मला उमगलं. काका कोट ऐकत नव्हते, माझा चेहरा वाचत होते. आणि ते का, हेही लगेच कळलं. मागे गल्ल्यावर डर्मट उभा होता. त्याला कळलं असतं तर रविवार संपले असते.

समीरलाही ते कळलं. तो रॅककडे गेला आणि एक कोट काढून घेऊन आला. त्याने डोंगरावर उतरवला होता, त्याच जातीचा. हँगरवरून काढतानाच तो एवढा करकरला की दाराशी गमबूट घालून बघणाऱ्या बाईने वळून पाहिलं.

"हा बघा, काका," समीर म्हणाला.

काकांनी बाही चुरगळली. मी तोंड शक्य तेवढं कडू केलं, नाही म्हणून मानही हलवली. काकांनी मला पाहिलं. मग त्यांनी समीरकडे पाहिलं. समीरचा चेहरा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा शांत होता.

"हिला काय विचारायचं, ही सांगलीची," काका म्हणाले. "समीरने डोंगर पाहिलाय. माझ्या हाताखाली शिकलाय तो." आणि मग त्यांनी जुन्या सवयीप्रमाणे डोळे मिटले, बाही आणखी एकदा करकर चुरगळली. "गप्प आहे. याला म्हणतात कोट."

डर्मटला मराठीचं अक्षर येत नाही, पण कान शाबूत होते. कोटाची करकर त्याने ऐकली आणि काकांचा समाधानी चेहराही पाहिला. कोट पिशवीत घालताना तो एवढंच म्हणाला, "ग्रँड कोट, डॉक."

घरी जाताना मी समीरला वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घेत होता. पण खोटं कशाला लिहू, आतून मलाही बरं वाटत होतं. इतकी वर्षं त्या पाकिटाबरोबर मीही चुरगळले गेले होते.

रविवारी समीर मुद्दाम टोळीबरोबर गेला. डर्मटने काकांची बंदूक गाडीतच ठेवायला लावली. "आज तुम्ही पुढे चला, डॉक. हरीण दाखवायचं काम तुमचं." काकांना तो मान वाटला. ते दिवसभर सगळ्यांच्या पुढे, वाकून, पाऊल दाबून चालले, आणि प्रत्येक पावलाला त्यांचा कोट डोंगरभर करकरत होता. मागचे चौघे-पाचजण एकमेकांकडे बघत होते. त्या दिवशी हरीण दिसणार नाही हे एकट्या काकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. काका मात्र मध्येच ओठांवर बोट ठेवून मागच्यांना दटावत होते. परत गाडीपाशी आल्यावर ते समीरला म्हणाले, "तुझा कोट बोलत होता. तू काही सुधारणार नाहीस." समीरच्या अंगात डर्मटचं जुनं लोकरीचं जाकीट होतं.

हे सांगताना समीर हसत होता. शेवटी शेवटी हसायचा थांबला.

दिवाळीला सगळे काकांच्याच घरी जमलो. फराळ झाल्यावर कुणीतरी, समीर नव्हे, पण समीरकडून ऐकलेल्या कुणीतरी काकांच्या पाठीमागे पाकीट चुरगळलं. "काका आले!" सगळी खोली हसली. लोक हसताहेत हे काकांनी पाहिलं आणि तेही मोठ्याने हसले. समीरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आला, आला, समीर आला!" समीर उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही.

डर्मटने काकांना कधीच नाही म्हटलं नाही. इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. भेटला की म्हणायचा, "कळवतो, डॉक, नक्की." आणि कळवायचा नाही. माझा रविवारचा रस्ता काकांच्या घरावरून जातो. ते दाराबाहेरच्या बाकावर बसलेले दिसायचे, तो कोट घालून, कोटाची टोपी डोक्यावर ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून. डर्मटची जीप केव्हाच डोंगरावर गेलेली असायची. कोटावरून पाणी ओघळत असायचं, आत ते खडखडीत कोरडे. भिजले असते तर घरात तरी गेले असते. मी दोनदा गाडी हळू केली, काच मात्र खाली केली नाही.

वसंतात एका सकाळी काकू दुकानात आल्या. लेकीकडे, डब्लिनजवळच्या सँडीफोर्डला दोघं निघाली होती, कायमची. बाहेर लेक गाडी चालू ठेवून बसली होती, शेजारच्या सीटवर काका. काकूंच्या हातात तो कोट होता.

"हा परत घेतेस का गं? डोंगरावर एकदाच गेलाय."

मी घेतला. घडी घालताना तो करकरला. काकू हसल्या.

"रविवारी हा घालून बाकावर बसायचे ना, जरा हलले की मला आत स्वयंपाकघरात ऐकू यायचं."

मला राहवलं नाही. "काकू, मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"मी काहून सांगू?" काकू म्हणाल्या. आवाज अगदी गोड होता. "माझ्या साड्या बोलतात, हे त्यांनी मला चार माणसांत सांगितलं होतं."

तेव्हा मी नीट पाहिलं. रेनकोटच्या खाली तीच हिरवी रेशमी साडी होती. गाडीच्या प्रवासाला, पावसात.

"सगळ्या बाहेर काढल्यात," त्या म्हणाल्या. "रोज एक नेसते. दिवसभर त्यांच्या मागेपुढे फिरते."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि निघाल्या. गमबुटांच्या रांगेतून, दोरांच्या गुंडाळ्यांमधून त्या दारापर्यंत गेल्या तोवर दुकानभर सळसळ झाली. डर्मटने गल्ल्यावरून मान वर केली, बाहेर काच खाली करून बसलेल्या लेकीनेही वळून पाहिलं. काकूंनी मागचं दार उघडलं, निऱ्या आवरत काकांच्या अगदी पाठीमागे बसल्या, आणि पदर पुन्हा पुन्हा सारखा करत राहिल्या. काका समोरच्या काचेवरचा पाऊस बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.