कांद्याच्या पिशवीतली गंगा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे आमच्या रविवारच्या मिसळ ग्रुपमध्ये ते साठत गेलेत. पण अंदमानच्या ट्रिपनंतर फ्रीजचं दारच लागेना!

आधी मंडळी सांगतो. पंचवटीतले बंडूगुरुजी, अख्खं आयुष्य गंगेवर लोकांची श्राद्धं केलेले. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. ते कांदा खात नाहीत. मिसळीवरचा कांदा निवडून शिंदेभाऊंच्या ताटात सरकवतात. शिंदेभाऊ चांदवडचे, घरची कांद्याची शेती. त्यांना तो अपमान वाटतो, पण कांदा मात्र खातात. सोबत त्यांची बायको मंगलवहिनी. आणि मी, रिटायर्ड कारकून.

विधी संपला की गुरुजी यजमानांना म्हणतात, "झालं. आता मागे वळून पाहू नका." त्यामुळे हॉटेलातून निघताना शिंदेभाऊ दर रविवारी चिडवतात, "चला, मागं वळून बघू नका. बिल माझ्याकडं हाय."

*

ट्रिप ठरली ती गुरुजींमुळे. त्यांच्या पणजोबांच्या धाकट्या भावाला इंग्रजांनी काळ्या पाण्यावर धाडलं होतं. तो तिकडच्याच एका छोट्या बेटावर वारला. ना देह आला, ना अस्थी. गुरुजींच्या वडिलांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, "बंडू, त्याच्या मातीवर एकदा गंगा नेऊन सोड."

"गावाचे पितर मी मार्गी लावले," गुरुजी म्हणाले, "घरचा एक राहिलाय. माझे गुडघे आहेत तोवर जायचंय."

मिसळ गार झाली. शेवटी शिंदेभाऊच बोलले, "मग जाऊ की. आपले गुडघे तरी कुठं नवे हायेत?"

*

विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, पाणी हातात नेता येणार नाही, सामानात टाका. गुरुजींच्या हातात तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू. ते हटूनच बसले. "चपलाबुटांच्या शेजारी गंगा ठेवू?"

सगळ्यांच्या बॅगा उघडल्या. सगळ्यांत चपला. फक्त शिंदेभाऊंच्या एका पिशवीत नव्हत्या. तिच्यात गच्च कांदे! "तिकडं कांदा बरा मिळंल का नाय, काय भरवसा?"

गुरुजींनी डोळे मिटले. शिंदेभाऊंनी गडू कांद्यांच्या मधोमध हळूच बसवला आणि म्हणाले, "गुरुजी, काळजी नका करू. माल घरचा हाय."

*

हॉटेलात पोचल्यावर गडूला कांद्याचा वास. मंगलवहिनींना बघवेना. त्यांनी रूम सर्व्हिसला फोन करून चिंच आणि मीठ मागवलं. पोऱ्या विचारतोय, "मॅडम, साथ में क्या खाएँगे?" वहिनी म्हणतात, "खाना नहीं, घासना है."

गुरुजी येऊन बघतात तर गडू लखलखीत आणि वहिनी बाथरूममध्ये हात धुताहेत.

"वहिनी, अहो गंगेला आंघोळ घातलीत?"

"बाहेरूनच घातली हो," वहिनी म्हणाल्या. "आणि पाव्हण्याकडं जायचं तर नीटनेटकं नको का?"

*

बेट आता राखीव जंगल आहे. कोठड्यांच्या भिंती वडाच्या मुळांनी धरून ठेवल्यात, अंगणात ठिपक्यांची हरणं बसलेली. शिंदेभाऊंना ते बघवत नव्हतं. "एवढी जमीन, एवढं पाणी, आणि पेरायचं काहीच नाय? याला म्हणतात शिक्षा."

वनरक्षकाने पिशव्या तपासल्या. भाताचे पिंड बघून मान हलवली. खाणं बंद. दर्भ बंद. काळे तीळ चिमटीत घेऊन म्हणाला, "बीज है. यहाँ उग गया तो? नहीं चलेगा."

गुरुजींचा चेहरा उतरला. तिळाशिवाय तिलांजली कशी द्यायची? शिंदेभाऊंनी लगेच तोडगा काढला, "भाजून घ्या ना. भाजलेला तीळ उगवत नाय."

"भाजलेला चिक्कीला चालतो, शिंदे. पितरांना नाही."

मग मीच माझ्या मोडक्या हिंदीत त्या माणसाला सगळं सांगितलं. घरचा माणूस इथे गेला, कोणी आलं नाही, आज आलोय. त्याने चिमटीतले तीळ पुडीत परत टाकले. मग म्हणाला, "हथेली में ले लीजिए. पर एक दाना ज़मीन पर नहीं गिरना चाहिए. और जानवर को खिलाना मना है."

*

गुरुजी दक्षिणेला तोंड करून उभे राहिले. वहिनींनी ओंजळीत तीळ घातले, शिंदेभाऊंनी गडूचं झाळलेलं तोंड उघडून वरून गंगा सोडली. गुरुजींनी नाव-गोत्र उच्चारलं. आता ओंजळ सोडायची, पण सोडता येईना. शब्द दिलेला! बोटांच्या फटीतून पाणी मातीवर ठिबकत होतं आणि तीळ आत अडकून होते.

एक म्हातारं हरीण उठलं. सावकाश चालत आलं. त्याने गुरुजींच्या ओंजळीत तोंड घातलं आणि सगळं चाटून घेतलं. एक दाणा खाली पडला नाही.

मी वनरक्षकाकडे पाहिलं. तो पाठमोरा होऊन समुद्र बघत होता.

गुरुजींचे हात तसेच पसरलेले, गालांवरून पाणी वाहतंय. गंगेवर कावळा शिवायची वाट बघत या माणसाने कितीतरी घरांना धीर दिला असेल. आज त्यांच्या शेजारी आम्ही तिघंच होतो आणि आम्हालाही रडू येत होतं. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झालं. आता मागे वळून पाहू नका."

शिंदेभाऊंनी या वेळी चिडवलं नाही.

परतीच्या बोटीत आम्ही तिघं पुढे तोंड करून बसलो. एकटे गुरुजी उलटे, बेटाकडे तोंड करून बसले होते.