दोनशे पालकांची उत्तरं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — ती बिचारी लेक डॉक्टर झाली म्हणून आमच्या कळंब गावभर पेढे वाटून गेली. कसली डॉक्टर, हे तिला शेवटपर्यंत नीटसं उमगलं नव्हतं. आज तुम्ही समोर बसला आहात, मध्येच काही विचारत नाही, म्हणून तोंड उघडते आहे. विचारलंत तर कदाचित गप्प होईन.

कुठून सुरू करू? नव्वदच्या दशकात मी जुन्नरला एका कॉलेजात, पुढे शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना शिकवत होते. स्टाफरूममध्ये तेव्हा संशोधनाची साथच आली होती. पीएच.डी. नाही तर बढती नाही. वनस्पतिशास्त्राचे सर द्राक्षाच्या पानांवर पडणाऱ्या भुरीच्या मागे लागले होते. मराठीच्या बाई डोंगरातल्या बोलीचे शब्द गोळा करत वाड्यावाड्यांतून हिंडायच्या. कायद्याचा तास घ्यायला येणारे वकील कुळांच्या जुन्या दाव्यांत डोकं घालून बसलेले. आणि कुणाचंच काही संपत नव्हतं! भुरीवाले सर तर तीन वर्षांनी म्हणाले, "मॅडम, माझा अंदाजच चुकला हो. परत पहिल्यापासून." मी हसले त्यांना. चांगली तोंडावर हसले.

माझा विषय होता, आंबेगावच्या डोंगरी भागातल्या मुली चौथीनंतर शाळा का सोडतात. दोनशे पालकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, ज्यांना सही येत नाही त्यांचा खाली अंगठा. उत्तर काय येणार हे मला आधीच ठाऊक होतं — पालक उदासीन आहेत. असंच लिहायची रीत होती. मी शेतकऱ्याच्या घरची, शिकून वर आलेली. डोंगरातल्या लोकांना शिक्षणाची गोडी नसते, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आमच्या घरात ते असंच बोललं जायचं.

गेले मी. एकदाच गेले. शिनोलीच्या पुढे एसटीनं, मग अर्धा तास चढ. त्या वस्तीवर अकरा घरं झाली. पहिल्याच घरात हिराबाई भेटली. माझ्याच वयाची असेल, तिची मंदा तेव्हा चौथीत होती. मी प्रश्न वाचला — मुलीला पुढे का शिकवत नाही? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"न्हाई कशानं? शिकवायचंच हाय की. पण बाई, पाचवीची साळा खाली गावात. साळा सुटती पाचला आन् माघारी येनारी गाडी साडेचारलाच जाती. मंग पोरीनं रानातनं एकलीनं यायचं व्हय? येवढी गाडी उशिरा सोडा म्हनावं. लई उपकार व्हतील."

अकराच्या अकरा घरांनी हेच सांगितलं. शब्द वेगळे, गाडी तीच. हिराबाईनं अंगठा दिला तो इतका दाबून, की कागद फाटतो की काय असं मला वाटलं. "नीट लिवा हां," म्हणाली. वर दुधाचा चहा पाजला — घरात दूध नव्हतं, शेजारणीकडून मागून आणलं.

उतरताना मी काय विचार करत होते सांगू? एवढं मोठं सत्य हाती लागलं, असा? छे. मला राग आला होता. एका गाडीच्या वेळापत्रकावर का कुणी प्रबंध लिहितं? आणि अजून एकशे एकोणनव्वद घरं असंच चढायचं?

दिवाळीच्या सुट्टीत मी कळंबला माहेरी गेले. तिथं माडीवर बसून फॉर्म भरले. चार रंगांची पेनं, कधी अक्षर तिरकं, कधी शाई ओघळलेली. नावं मतदारयादीतून घेतली. आणि अंगठे — अंगठे माझेच. दोन्ही हातांचे, मग बोटांचे. बोटंही संपली तेव्हा पायाचे अंगठे टेकवले. हसू नका. म्हणजे हसा, मीही तेव्हा हसले होते. जेवायला खाली उतरले तर वहिनी माझी निळी बोटं बघून म्हणते, "वन्सं, धाच्या धा बोटांनी मतदान करून आला का काय?" सगळं घर हसलं.

मग ते खरे अकरा फॉर्म. ते बाकीच्यांशी जुळत नव्हते. इतक्या सुंदर तक्त्यात अकरा माणसं उगाच वेगळं बोलत होती. मी ते चुलीत घातले. त्यांच्या जागी नवे भरले, त्याच नावांचे. हिराबाईच्या नावापुढे लिहिलं — मुलीच्या शिक्षणाची आवश्यकता वाटत नाही.

इथंच थांबले असते तर मी नुसती लबाड ठरले असते. अशा लबाड्या करून बढत्या घेतलेले पुष्कळ पाहिलेत मी.

पदवी मिळाली, सत्कार झाला. पुढच्या वर्षी घोडेगावात तालुक्याची बैठक होती. त्या पट्ट्यातल्या मुलींसाठी संध्याकाळची गाडी उशिरा सोडायची का, असा अर्ज आलेला. साहेबांनी मला बोलावलं, कारण त्या भागाचा 'अभ्यास' माझा! मी गेले, इस्त्रीची साडी नेसून. दारापाशी खाली हिराबाई बसली होती. अर्ज त्यांच्याच वस्तीचा. मला बघून तिचा चेहरा असा उजळला — काय सांगू तुम्हाला. तिला वाटलं, आपलं माणूस आलं.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, गाडीचा प्रश्न खरंच आहे का? तुमच्या पाहणीत काय आलं?"

हिराबाई उठून उभी राहिली. "बाईंनी लिवलंय सायेब. आमच्या घरी येऊन लिवलंय. बाई, सांगा की."

एक वाक्य बोलायचं होतं. हो, या गाडीचंच म्हणाल्या होत्या. बस. त्यानं माझी पदवी गेली असती का? लगेच नसती गेली. पण कुणीतरी फॉर्म काढून बघितले असते, आणि त्यांवर माझ्या पायाचे अंगठे होते. मी घसा खाकरला. म्हणाले, "वाहतुकीची अडचण कुणीही नोंदवलेली नाही. मूळ प्रश्न पालकांच्या मानसिकतेचा आहे. प्रबोधन व्हायला हवं."

प्रबोधन झालं. दोन पथनाट्यं झाली. गाडी साडेचारलाच सुटत राहिली. मंदा घरी बसली. पंधरावं संपायच्या आत तिचं लग्न झालं, आणि नंतर ती नारायणगावाकडं टोमॅटो तोडायला जायला लागली, हे मी उडत उडत ऐकलं. ऐकून विषय बदलला.

दोन हजार सालानंतर कधीतरी घोडेगावच्या आठवडेबाजारात हिराबाई समोर आली. टाळायला जागा नव्हती. वाटलं, आता चार लोकांत माझी अब्रू काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातली हिरड्याची पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि नमस्कार केला मला.

"बाई, त्या दिसी मी उगा मधी बोलले. तुमी शिकलेल्या, तुमाला आमच्यातलं जास्त कळतं. मागनं लई इचार केला मी. आमालाच गोडी नसंल. असती तर पोरीला पाठीवर बशिवून आनली असती मी रानातनं. माजंच चुकलं. मंदीलाबी तसंच सांगितलं मी, म्हनलं तुज्या आयचंच चुकलं."

मी काय केलं असेल?

"असं काही मनाला लावून घेऊ नका," म्हणाले, आणि मेथीची जुडी घेऊन स्टँडकडे चालायला लागले.