सुकाणू सोडायचं की नाही

मला पोहता येत नाही, हे मी लग्न ठरताना सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

सासुरवाडी शहादे तालुक्यात, तापीकाठी. अधिक महिना लागला आणि धोंडे खायला बोलावणं आलं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि त्याच्या ताटातले धोंडे (पुरणाचे, तुपात न्हालेले) संपू देत नाही. सातनंतर मी मोजणं सोडलं.

नदीपलीकडच्या आत्याबाईंना धोंड्यांचा डबा पोचवायचा होता. सासरे म्हणाले, पुलावरून मोटारसायकलने जाऊ. मी म्हणालो, शालकाने सुरतहून आणलेली कयाक, ती दोघांची वल्ह्याची होडी, आहे ना, तिनेच जाऊ. मी व्हिडिओ पाहिलेत. विषय तिथेच संपला.

सुकाणू वळवायचे पायाचे दोन पेडल मागच्या सीटपाशी, म्हणून जाणकार या नात्याने मी मागे बसलो. सासरे पुढे, मांडीवर डबा. तरंगायचं जॅकेट एकच होतं, ते मला मिळालं. पण पोटावर पट्टा जुळेना, तो तसाच लोंबत राहिला. सासऱ्यांनी वळून सुकाणूकडे पाहिलं. ते वर दुमडलेलं होतं.

"जवाईबापू, ही शेपटी खाले सोडानी का?"

मी हसलो. सराईत लोक सुकाणू वापरत नाहीत, वल्ह्यावर सांभाळतात, असं ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि डबा घट्ट धरला.

नदीच्या मध्यावर पश्चिमेचा वारा सुटला. होडीचं तोंड डावीकडे वळायला लागलं. मी डावीकडून वल्हं मारलं, जोरात मारलं, पन्नास वेळा मारलं. आत्याबाईंचं गाव उजवीकडे सरकत चाललं. लाटा आडव्या येऊन पाणी आत पडू लागलं, खांदे भरून आले. घाबरलो होतो, सरळ सांगतो. सासरे मात्र डबा छातीशी धरून समोर बघत होते. म्हणून मीही वल्हं मारत राहिलो.

पाणी मांडीला लागलं तेव्हा माझा मान संपला. सुकाणू खाली सोडायची दोरी ओढली, ते पाण्यात पडलं. आणि भीतीने मी दोन्ही पेडल एकदम दाबले, गाडीला ब्रेक लावतात तसे. होडी आणखीच डगमगली.

"दोन्ही नका दाबू," सासरे मागे न बघता म्हणाले. "आपला ट्रॅक्टरना दोन चाकेसना दोन येगळा बिरेक शेतस, तसंच. उजवा दाबा, उजवीकडे वळस."

त्यांनी हात मागे करून माझं वल्हं घेतलं, मी उजवा पाय दाबून धरला. तोंड वळलं. काठाला लागलो तेव्हा मी कमरेपर्यंत भिजलो होतो. डबा मात्र कोरडा होता.

मी जरा चिडूनच विचारलं, एवढं कळत होतं तर आधी का नाही सांगितलं?

"धोंडाना महिनामा जवाईले नई म्हनतस नई."

"आणि मी पाण्यात पडलो असतो तर?"

"काढतू ना. देव बुडना तर काढनाच पडस."

परत येताना मात्र आम्ही आत्याबाईंकडची मोटारसायकल घेऊन पुलावरूनच आलो. संध्याकाळी पंगतीत सासूबाई ताटावर वाकून म्हणाल्या, अजून एक वाढू का? नारायणाने गुपचूप सासऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "घेऊ का?"